साठ दिवसांचा ताळा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त यशवंतपूर, बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



आपल्या शाळेच्या साठ वर्षांत डॉक्टर झाले, अभियंते झाले, प्राध्यापक झाले, सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेलेही झाले. अशा मेळाव्यात मी कोणत्या नात्याने बोलावे, हा प्रश्न समितीचे निमंत्रण हाती पडले तेव्हा मला पडला. मी १९८६ च्या दहावीच्या तुकडीची विद्यार्थिनी. लग्नानंतर बंगळूरला आले आणि इथे यशवंतपूरच्या बाजार आवाराजवळ एका मालवाहतूक कचेरीत पंचवीस वर्षांहून अधिक काळ हिशेब लिहिला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि ‘फौजदारी न्याय’ हा विषय शिकले. समितीने कळवले, की त्याच शिक्षणाविषयी बोला, पालकांना त्याची फारशी माहिती नसते. म्हणून आपल्यासमोर उभी आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी प्रवेशाचा अर्ज भरला तेव्हा सासूबाईंनी मला हीच म्हण ऐकवली होती. म्हण खोटी नाही. दावे लावून घरे धुळीला मिळालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु दिवाणी दाव्याची पायरी माणूस आपल्या पायांनी चढतो. फौजदारी प्रकरणात त्याला धरून नेतात. शहाणा असो वा नसो, त्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या घरच्यांना मात्र त्याच दिवसापासून कागद वाचावे लागतात. ते कागद कोणी वाचायचे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

यशवंतपूरचा बाजार आवार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. कांद्याच्या हंगामात नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या ट्रकांची रांग लागते. चालक मराठी, हमाल कन्नड व तमिळ, व्यापारी सगळ्या भाषांचे. आपण सीमाभागातली माणसे. मराठी घरातली आणि शाळेतली, कन्नड बाजारातली आणि कचेरीतली. त्यामुळे कचेरीत कोणताही कन्नड कागद आला, की चालक तो माझ्या टेबलावर आणून ठेवत. “ताई, एवढं वाचून सांगा.” वाहतूक पोलिसांचे चलन, मालाची पावती, कधी न्यायालयाची नोटीस. मी वाचून दाखवत असे. अक्षरे मला येत होती. कलमांचे आकडे, ‘रिमांड’, ‘हजर राहणे’, ‘मुचलका’ या शब्दांपाशी आले, की मी सांगत असे, “हे वकिलांना विचारा.” त्या उत्तरात काही चूक आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती ज्यांची आहे ते आज या सभागृहात बसले आहेत. नाव घेऊ नको, पण गोष्ट सांग, असे त्यांनी मला सांगितले आहे.

आमच्या वर्गात गणितात पहिला येणारा एक मुलगा होता. गणिताचे गुरुजी फळ्यावर उदाहरण सोडवून झाले, की हातातला खडू त्याच्याकडे देत आणि म्हणत, “उत्तर आलं म्हणजे झालं नाही. ताळा करून दाखव.” तो फळ्यापाशी जाऊन ताळा करी. वडील गेल्यामुळे दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. तो क्लीनर झाला, मग चालक झाला आणि पुढे माल घेऊन यशवंतपूरला येऊ लागला. कचेरीत आला, की शाळेच्या आठवणी निघत. २००४ साली दुसऱ्या एका शहरात त्याच्या ट्रकमधला माल कमी भरला. मालकाने तक्रार केली. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार केल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली.

त्याची आई आणि धाकटा भाऊ दीड महिन्याने माझ्याकडे आले. काकूंच्या पिशवीत कागदांची एक गुंडाळी होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस. ह्यात काय लिहिलंय, आम्ही काय करायचं, ते सांग.” मी कागद वाचले. अटकेची तारीख होती, कोठडीची तारीख होती, कलमे होती. मी म्हणाले, “काकू, वकिलांना विचारा.” वकील दिलेला होता. तो पैसे घेत होता आणि तारखेला येत नव्हता. काकू चहा घेऊन परत गेल्या. आमचा तो वर्गमित्र चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. मग जामीन झाला आणि काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. माल चढवतानाच कमी भरला होता, हे गोदामाच्या वहीवरून सिद्ध झाले. परंतु काकू त्या चौदा महिन्यांतच वारल्या. अग्नी धाकट्या भावाने दिला.

ही गोष्ट मी विसरले होते, असे म्हणणे खरे होणार नाही. मी ती बाजूला ठेवली होती.

२०१३ साली मुलगी बारावी होऊन वसतिगृहात गेली आणि संध्याकाळचे दोन तास माझ्या हाती आले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, हे मला वर्तमानपत्रातून कळले. कोणत्याही शाखेची पदवी पुरत होती. मी वाणिज्य पदवीधर, अर्ज केला. पुस्तके टपालाने आली. न्यायव्यवस्थेची रचना, दंडसंहिता, संशोधन आणि व्यवस्थेपुढील आव्हाने, असे त्यांत विषय होते. रात्री भांडी आवरून झाली, की मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसत असे. आपल्या शाळेत जशी समास सोडून लिहायची सवय लागली होती, तशीच लिहीत असे.

माझी एक भाची अमेरिकेत असते. ती तिथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी हाच विषय शिकते. तिच्याकडून मला कळले, की तिच्या वर्गात रात्रपाळीचा पहारेकरी आहे, पोलिसांचा दूरध्वनी घेणारी बाई आहे, दोन लेकरांची आई आहे. अमेरिकेत अशा महाविद्यालयांची परंपरा १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात सुरू झाली. दोन वर्षांचे शिक्षण, गावातच आणि कमी खर्चात. तिथून पुढे विद्यापीठात जाता येते. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांतील माणसे अधिक शिकलेली असावीत, असे सांगितले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने नोकरीतल्या पोलिसांच्या शिक्षणासाठी कर्जे व अनुदाने सुरू केली आणि गावोगावच्या कॉलेजांत फौजदारी न्यायाचे वर्ग निघाले. आपल्याकडे हे काम मुख्यतः मुक्त विद्यापीठांनी केले. दिल्लीचे १९८५ चे, नाशिकचे १९८९ चे आणि म्हैसूरचे १९९६ चे. संसार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसासाठी तेच गावचे कॉलेज. माझ्या विद्यापीठाची पुस्तके तुरुंगातील बंद्यांनाही मिळतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच पुस्तकावरून अभ्यास चालू असतो, हा विचार त्या काळात मला पुष्कळदा सोबत करी.

अशाच एका रात्री मी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६७ वाचत होते. कायदा सोपा आहे. तपास पूर्ण होऊन आरोपपत्र दाखल होईपर्यंत माणसाला अमर्याद काळ कोठडीत ठेवता येत नाही. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल, तर ९० दिवस. इतर गुन्ह्यांत ६० दिवस. तेवढ्या मुदतीत आरोपपत्र आले नाही आणि आरोपीने जामीन देण्याची तयारी दाखवली, तर त्याला सोडावेच लागते. प्रकरण खरे की खोटे, हा प्रश्नच तिथे येत नाही. मात्र हा हक्क मागावा लागतो. मुदत संपल्यावर मागितला नाही आणि मधल्या काळात आरोपपत्र दाखल झाले, तर तो हातचा जातो.

मी पुस्तक मिटले. काकूंनी आणलेल्या कागदांवरील तारखा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, पण आठवणीवर विसंबणे मला बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाला दूरध्वनी केला. त्याने गुंडाळी शोधून तारखा वाचून दाखवल्या. पहिली कोठडी कधी दिली, आरोपपत्र कधी आले. मी कागदाच्या पाठीवर वजाबाकी केली. अडुसष्ट दिवस. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे ताळा केला. महिने वेगवेगळे मांडून पुन्हा बेरीज केली. अडुसष्टच.

साठ दिवस संपल्यानंतर आठ दिवस तो दरवाजा उघडा होता. एक अर्ज गेला असता, तर आमचा वर्गमित्र तिसऱ्या महिन्यात घरी आला असता. आईच्या शेवटच्या आजारपणात तो तिच्या उशाशी असता. काकू माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा पंचेचाळिसावा दिवस चालू होता. गणित अजून सुटण्याजोगे होते आणि ते माझ्यासमोरच मांडलेले होते.

हे त्याला सांगावे की नाही, या विचारात मी दोन महिने घालवले. शेवटी तो यशवंतपूरला माल घेऊन आला तेव्हा सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “तो अर्ज किती पानांचा असतो गं?” मी म्हणाले, “एका पानाचा.” त्याने मान हलवली आणि तो ट्रककडे गेला.

पालकहो, माझ्यासाठी या विषयाचा खरा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला. पोलीस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग या तीन ठिकाणांचा हा अभ्यास आहे. पुस्तके जाड आहेत, तरी या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडणारी विद्या बहुतांशी प्राथमिक शाळेतलीच आहे, असा माझा अनुभव आहे. वाचणे, मोजणे आणि लिहिणे.

प्रथम वाचणे. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे कळवली पाहिजेत, असे आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो. कळवायची म्हणजे कोणत्या भाषेत? मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ मध्ये तुरुंगातील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे काही जणींनी त्यांना सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि स्त्री पोलिसांची उपस्थिती यांविषयी आदेश आहेतच. त्याशिवाय असाही आदेश आहे, की अटक झालेल्यांच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून महाराष्ट्रातील प्रत्येक कोठडीत लावावे आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका अपघाताच्या खटल्यातून निघालेल्या मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती गवई हे स्वतः मराठी माध्यमात शिकलेले. मातृभाषेतल्या शिक्षणाचे मोल काय, असा प्रश्न आपल्या शाळेला गेली अनेक वर्षे विचारला जातो. कोठडीतल्या माणसाला विचारून पाहा. स्वतःच्या भाषेतला एक कागद हाती पडणे म्हणजे काय, हे तो सांगेल.

दुसरे मोजणे. १९७९ च्या प्रारंभी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वर्तमानपत्रात लेख लिहिले. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. पोलीस सेवेत आयुष्य घालवलेल्या या माणसाने आत राहिलेल्यांचे दिवस मोजले. आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, तेवढी वर्षे काही जण खटल्याविनाच आत होते. वकील कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांच्या आधारे याचिका केली. हुसैनआरा खातून प्रकरण म्हणून ती प्रसिद्ध आहे. जलद न्याय हा मूलभूत हक्क आहे, हे तत्त्व तिथून दृढ झाले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांची जागा नव्या कायद्यांनी घेतली. कलम १६७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८७ झाले आहे. ६० आणि ९० दिवसांची मुदत तिथेही आहे. हे दिवस अटकेच्या तारखेपासून धरत नाहीत, दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिली त्या तारखेपासून धरतात. तो पहिला दिवस मोजायचा की सोडायचा, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद होता. तो मोजायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. एका दिवसाच्या गणितासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले, यावरून त्या एका दिवसाची किंमत कळते. नव्या संहितेचे कलम ४७९ ही दुसरी मोजणी. कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, तर तो जामिनास पात्र होतो. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर एक तृतीयांश काळ पुरतो. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील, तरीही ती मिळत नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. पण घरातल्या कोणाला तरी अपूर्णांक येत असावेत, हे केव्हाही चांगले.

तिसरे लिहिणे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि आपल्या मराठी भाषक वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर हे ते चौघे. निकाल बदलला नाही. परंतु त्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीवरील अत्याचाराला वेगळे स्थान मिळाले. संबंध सिद्ध झाल्यावर आपली संमती नव्हती असे तिने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. हे पत्र वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी लिहिले होते, हे मी आपल्या गुरुजनांसमोर मुद्दाम सांगते आहे.

अभ्यासाचा शेवटचा भाग तुरुंगाचा. त्या भागात मला बंगळूर आणि आपला मराठी मुलूख यांना जोडणारी एक गोष्ट सापडली. मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे अभियंते १९३० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानच्या इथल्या विजेच्या कारखान्यात काम करीत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. फ्रिडमन औंधला गेले. त्यांच्या सूचनेवरून १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळरानावर स्वतंत्रपूर ही वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीविना राहू लागले, शेती करू लागले, पुढे त्यांची बायका-मुलेही त्यांच्याजवळ राहू लागली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आपण पाहिला असेल. त्याची कथा आटपाडी भागातल्याच ग. दि. माडगूळकरांची आणि तिची प्रेरणा हा प्रयोग. शिक्षा भोगणारा माणूसही कोणाचा तरी मुलगा, नवरा, बाप असतो आणि ते नाते टिकले तर तो परत येऊ शकतो, एवढी साधी गोष्ट तिथे करून पाहिली गेली. ते वाचताना मला काकूंची आठवण येणे स्वाभाविक होते.

आता पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. मुलाने वा मुलीने हा विषय घेतला, तर पुढे काय? पोलीस सेवा आहे. तुरुंग प्रशासन आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली काम करणारे परिवीक्षा अधिकारी असतात. न्यायालयांत दुभाषे आणि भाषांतरकार लागतात आणि तिथे आपली दोन-तीन भाषा येणारी मुले सरस ठरतात. वकिली करायची असेल, तर मात्र कायद्याची रीतसर पदवी हवी. मी घेतली तशी पदविका तिथे चालत नाही, हे आधीच समजून घ्यावे. आपल्या भागाला जवळ म्हणजे धारवाड. कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग आहे आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे एक केंद्रही धारवाडला आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि इथले नागरभावी येथील राष्ट्रीय विधि विद्यालय यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठांचा मार्ग आहे. मी त्याच मार्गाने गेले.

मला या शिक्षणाने नोकरी दिली नाही. मी त्याच कचेरीत, त्याच टेबलावर राहिले. विधि सेवा प्राधिकरणाचे प्रशिक्षण घेऊन पॅरालीगल स्वयंसेविका झाले, एवढाच बदल. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांनाही आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला, की मदत मिळते. हे सांगणे हेच माझे काम. माझ्या टेबलाच्या खणात एक दुरेघी वही आहे. कोणी कागद घेऊन आले, की मी त्यात चार रकाने भरते. कोठडीची पहिली तारीख, कलम, साठ की नव्वद, आणि शेवटचा दिवस. शेवटच्या दिवसाची तारीख मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून घरच्यांच्या हाती देते आणि सांगते, “ह्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांना गाठायचं. अर्ज एका पानाचा असतो.” आजवर बावीस जणांचे रकाने भरले. त्यांतले पाच जण त्या एका पानावर बाहेर आले. इतरांची आरोपपत्रे वेळेत आली होती. तेही योग्यच आहे, कारण पोलिसांनी वेळेत काम करावे, यासाठीच ती मुदत आहे.

आपली मुले गुन्हेगारांना मदत करायला शिकतील का, असे एका पालकांनी मला मेळाव्याआधी विचारले. प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे चोरी झाली, ज्याच्यावर हल्ला झाला, त्यालाही हेच शिक्षण उपयोगी पडते. प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हे किती फिर्यादींना ठाऊक असते? यशवंतपूरला लुबाडले गेलेले चालकही माझ्याकडे येतात. त्यांची तक्रार मी मराठीत ऐकते आणि कन्नडमध्ये लिहून देते. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, ही माझीही इच्छा आहे. ती व्हायची, तर तारखा, सह्या आणि कागद बिनचूक असावे लागतात. बेरीज चुकली, तर निर्दोष आत राहतो आणि दोषी बाहेर जातो. दोन्ही एकाच निष्काळजीपणाची फळे आहेत.

म्हणून हीरक महोत्सवानिमित्त माझी शाळेला एक विनंती आहे. नववी-दहावीच्या वर्गांना महिन्यातून एक तास द्यावा. त्या तासाला प्रथम खबर अहवालाचा कोरा नमुना मुलांपुढे ठेवावा आणि तो मराठीत समजावून सांगावा. दोन तारखा देऊन मधले दिवस मोजायला लावावेत. एका पानाचा अर्ज लिहून घ्यावा. आपल्या मुलांपैकी प्रत्येक जण पोलीस वा वकील होणार नाही. पण कोणाच्या तरी टेबलापाशी कधीतरी एखादी काकू कागदांची गुंडाळी घेऊन येईल. तेव्हा आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याने माझे उत्तर देऊ नये.

हे तास घ्यायला यशवंतपूरहून वर्षातून चार वेळा येण्याची माझी तयारी आहे. मी एकटी येणार नाही. दिवस मोजण्याचा धडा आमचे ते वर्गमित्र घेणार आहेत. परवा त्यांनी मला तसे कळवले. खडू मात्र शाळेने द्यावा, एवढीच त्यांची अट आहे.